उरलेली अर्धी गोळी

"इंदुताई, आज अर्धीच गोळी पोटात पोचली," भिंतीवरचा विम्याचा डबा म्हणाला. "उरलेली कुठे आहे?"

"पडली हातातून," इंदुताई म्हणाल्या. सत्तरीनंतर विमा औषधं फुकट देत होता, पण पोटात पोचलेली प्रत्येक गोळी स्वतःच तसं डब्याला कळवत असे.

डबा म्हणाला, "ती शेजारच्या खुर्चीतून बोलते आहे."

खुर्चीत त्यांची धाकटी बहीण मालन होती. तिचंही हृदय इंदुताईंसारखंच कमकुवत, पण सत्तरी गाठायला अजून दोन वर्षं होती. रडणाऱ्या पोराला पांघरुणात घ्यावं तसा तिनं पोटावर पदर घट्ट ओढला.

"ताई, वाटून घेतो हे कळलं तर तुझंही औषध बंद करतील गं," ती कुजबुजली.

"मग गप्प बस," म्हणत इंदुताईंनी आपलाही हात त्या पदरावर दाबून धरला. "आणि पोटालाही गप्प बसायला सांग."