सातवी कडी

सहावी कडीही चांदीने उघडली.

हवालदार जानराव गोठ्याच्या फाटकापाशी उभे होते. कडी शाबूत, फळी शाबूत, बाकीच्या सहा म्हशी जागेवर. फक्त कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी गायब. ती कुठे आहे हे सांगायला शेजारचा रामधन आलाच होता. त्याचं वावर गोठ्याला लागूनच.

“फौजी, तुमची चांदी पुन्हा माह्या निंबाखाली येऊन बसली. म्हशीले लष्करी तालीम देऊन राह्यले का? आता आली तं सरळ कोंडवाड्यात घालतो!”

जानरावांनी कडी पुन्हा एकदा लावून पाहिली. बावीस वर्षं त्यांनी फौजेत सुतारकाम केलं होतं. बर्फातल्या चौक्यांचे दरवाजे बनवले होते. त्यातला एकही दरवाजा विचारल्याशिवाय उघडला नव्हता. आणि इथे रिठदमध्ये, स्वतःच्या गोठ्यात, महिन्याभरात एका म्हशीने त्यांच्या सहा कड्या उघडल्या होत्या. त्याही दर वेळी दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान, ते जेवून आडवे झाले की.

“दुश्मन टाइम पाहून हमला करते,” त्यांनी बायकोला सांगितलं. सोजरबाईंनी गंभीरपणे मान हलवली.

ते चांदीला आणायला गेले. ती निंबाला नीट बांधलेली होती. पुढ्यात हिरव्या मक्याची पेंढी होती. रामधन तोंडाने फाटका असला तरी मनाने चांगला, असं जानरावांना वाटलं.

कड्यांच्या नादात घराकडे दुर्लक्ष झालं, ही मात्र त्यांना रुखरुख होती. निवृत्त होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी घर मार्गी लावलं होतं. पहाटे पाचला शिट्टी. ती रामधनच्या घरातही ऐकू जायची. सव्वापाचला अंगणात हजेरी. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे. सून वैजयंतीने माहेरी जायचं असेल तर दोन दिवस आधी लेखी अर्ज. गेल्या महिन्याभरात हे सगळं ढेपाळलं होतं.

सातव्या कडीला चार दिवस लागले. वाळलेलं सागवान, दोन खुंट्या, आतून खाच. खालची खुंटी सरकल्याशिवाय वरची हलायची नाही. आणि खालची तर पाहणाऱ्याला नुसती शोभेची वाटावी अशी.

“ही उघडली तं मी सुतार नाही,” जेवताना जानरावांनी जाहीर केलं. “अन् टिकली, तं उद्यापासून पुन्हा घर हातात घेतो. सुरुवात सैपाकघरापासून.”

तव्यावरची पोळी करपली. सोजरबाईंची पोळी करपल्याचं त्या घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

पण जानरावांना या वेळी शत्रू डोळ्यांनी पाहायचा होता. खिळे आणायला रिसोडला जातो असं सांगून ते सगळ्यांसमोर प्रवासी जीपमध्ये बसले. पहिल्याच वळणावर उतरले. वावरांतून वाकत वाकत परत आले आणि गोठ्यामागे मळणीतून उरलेल्या सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगात शिरले. डोळ्यांपुरती फट ठेवली. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कुटार अंगभर टोचत होतं. फौजेत त्यांनी याहून वाईट सोसलं होतं, पण तिथे खाज नव्हती.

दोन वाजले. चांदी निवांत रवंथ करत होती. तिने फाटकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी सोजरबाई आल्या. वैजयंती कोपऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. सोजरबाईंनी वरची खुंटी ओढली, ढकलली, तिला एक चापट मारली. मग कुंपणाकडे वळून हाक दिली.

“रामधनभाऊ, या बरं इकडं. आज नाही उघडून राह्यलं.”

रामधन आला. त्याच्या काखेत लोखंडी सब्बल होती.

“लयच पक्कं केलं वहिनी फौजीनं. राहू द्या न एक दिवस. कोंडवाड्याची धमकी मी सहा वेळा देऊन बसलो. आता नवीन काय बोलू?”

“एक दिवस? उद्या पाचले शिट्टी वाजन, तुमच्याही कानात वाजन. भाऊ, हे म्हैस बांधली का ते मोकळे होतात, अन् ते मोकळे झाले का आपण सारे बांधले जातो.”

रामधनने क्षणभर विचार केला. मग सब्बलचं टोक खाचेत घातलं.

ढिगात जानरावांनी श्वास रोखला. शत्रू तीन होते, मुद्देमालासह होते आणि सहा पावलांवर होते. इतका सोपा छापा त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. तरी ते हलले नाहीत. गेल्या महिन्याभरात आपण एकदाही कंटाळलो नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

रामधनने जोर लावला. सागवान करकरलं.

कुटाराचा ढीग उठून उभा राहिला. वैजयंती किंचाळली. सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला.

“सब्बल काढ, रामधन, चिरन ते लाकूड!” जानराव दोन्ही हातांनी अंग खाजवत ओरडले. “खालची खुंटी डावीकडं सरकव, मग वरची. अन् लवकर सोडा तिले, मले आठवीसाठी लाकूड पाहा लागते.”