शेवटचे चार आकडे

चारा छावणीतल्या प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला होता आणि त्यावर बारा आकडे. पहिले आठ सगळ्यांचे जवळपास सारखेच. ओळख पटायची ती शेवटच्या चारांवरून. भारतने पांढऱ्या गाईचा कान असा धरला, की ते चार आकडे त्याच्या अंगठ्याखाली झाकले गेले. मग दुसऱ्या हातातला फोन वर केला.

"दिसली का?"

फोनमध्ये आधी निळे केस दिसले, मग त्याखाली शिवकन्या, त्याची मुलगी. ती ओसाकातल्या एका बागेत उभी होती. अंगात पांढरा झगा, पाठीला पुठ्ठ्याचे पंख. तिच्या जपानी भाषेच्या वर्गातली पोरं दर रविवारी तिथे जमायची. जो तो आपल्या आवडत्या अ‍ॅनिमेतलं पात्र होऊन यायचा. बीडला बी.एस्सी. करताना ती हीच कार्टूनं मोबाइलवर बघत बसायची, आणि भारत ओरडायचा.

शेजारच्या दावणीवरची छबुबाई वाकून फोनात बघू लागली.

"आगं माय! शिवू, केस निळे कावून केलेस गं?"

"टोप हाय मावशी. काढला की खाली आपलेच काळे."

"आन् पंख?"

"ते बी निघतेत."

"मंग बरं. न्हाईतर घराच्या दारातून आत कशी येशील?"

शिवकन्या मोठ्याने हसली. एवढी मोकळी हसलेली ती भारतला गावात आठवत नव्हती. हसण्याचा आवाज ऐकून तिच्या मागे तीन-चार रंगवलेले चेहरे गोळा झाले. एक व्हिएतनामची मुलगी, एक नेपाळी पोरगा, बाकीचे कुठले कुठले.

"युकी! युकी!" सगळे गाईकडे बघून हात हलवू लागले.

युकी म्हणजे बर्फ. कालवड जन्मली त्या दिवशी शिवकन्याने एका कार्टूनमधून हे नाव उचललं होतं. छावणीत तिला सगळे उकी म्हणायचे. गाईने कान झटकू पाहिला. भारतने अंगठा आणखी दाबला.

युकीला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. सकाळी पोट फुगलं, दुपारी डॉक्टर येईपर्यंत ती आडवी झाली होती. ही गाय छावणीतल्याच ज्ञानोबाची. रविवारी दहा मिनिटं भारत ती मागून घ्यायचा. युकीचा बिल्ला त्याच्या खिशात होता. तो जमा केला की जनावर यादीतून कमी होतं. छावणी चालवणाऱ्या दूध संस्थेचा हजेरीवाला पंडित रोज बिल्ला मागायचा. भारत रोज म्हणायचा, उद्या देतो.

शिवकन्याचा कोर्स सप्टेंबरात संपणार होता. तिथल्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. इकडे भारतच्या शब्दावर चेअरमनने संस्थेच्या डेअरीत, दूध तपासायची तिची जागा वर्षभर रिकामी ठेवली होती. "कधी येतीस?" असं त्याने विचारलं, की ती म्हणायची, "बघू आप्पा. युकी कशी हाय?" युकी आहे तोवर पोरगी येणार, असं भारतने मनाशी धरलं होतं.

पंडित हजेरी घेत दावणीच्या टोकाकडून येत होता. तो प्रत्येक बिल्ल्यावर मोबाइल धरायचा, टिंग वाजलं की मालकाचं नाव पुकारायचा. भारतने त्याला मानेने 'पुढे जा' म्हणून खुणावलं. पंडितचं लक्ष जनावरांच्या कानांवर होतं.

"अंगठा काढा की, दादा."

टिंग.

"ज्ञानोबाची पांढरी. हजर!"

तो पुढे गेला. फोनमध्ये शिवकन्या मागे वळून जपानीत काहीतरी बोलली. ती पोरं हात हलवत लांब गेली. ती एका झाडाआड आली. एक पंख खोडाला लागून वाकला.

"आप्पा, मला ठाऊक हाय."

भारतने गाईच्या तोंडाकडे पाहिलं.

"युकीचं डावं शिंग आत वळलेलं होतं. हिची दोन्ही सरळ हायती. मागल्या रविवारी बी सरळच होती."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"गाईचं बोलणं संपलं असतं, की मंग तुमी एकच विचारलं असतं. कधी येतीस. अन् मला ते सांगता आलं नसतं, आप्पा."

भारतने गाईचा कान सोडला. गाईने तो दोनदा झटकला. फोनमध्ये लांबून कुणीतरी शिवकन्याला हाका मारत होतं. तिने वळून पाहिलं नाही. निळ्या केसांची एक बट तिच्या ओल्या गालाला चिकटली होती. छबुबाई आपल्या म्हशीकडे तोंड करून उगाच उसाच्या वाढ्याच्या कांड्या मोडत बसली.

पंडित चार जनावरं पुढे पोचला होता.

"पंडित, थांब."

भारतने खिशातून बिल्ला काढला, सदऱ्याला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"हिला यादीतून कमी कर."

पंडितने आकडे वाचले. बिल्ला वहीत ठेवला आणि निघाला.

"अन् चेअरमनला सांग," भारत म्हणाला. पंडित दोन पावलांवर होता, तरी त्याने आवाज मोठा काढला. फोन त्याने तसाच वर धरून ठेवला होता. "डेअरीतली जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. आमची पोरगी येत न्हाई."