पहिलं पान

विमान कंपनीचा वार्षिक अहवाल थोरली लिहायची. चौदा नवी विमानं, नऊ नवे मार्ग, एका छोट्या कंपनीची खरेदी, सगळं तिच्याच हाताखालून जायचं. धाकटी त्याच कंपनीत वैमानिक. समुद्रापारच्या नव्या मार्गावरचं पहिलं विमान तिने नेलं, म्हणून यंदा पहिल्या पानभर तिचाच फोटो. त्याखालचं कौतुकही थोरलीनेच लिहिलं, दातओठ खात.

“खपायचं मी, मिरवायचं हिनं!” बाबांसाठी आणलेली प्रत पाहून तिचा पुन्हा जळफळाट झाला. आता बाबा तो फोटो गावभर दाखवत सुटणार! तिने अहवालाच्या मधल्या पिना अलगद उचकटल्या, पहिल्या पानाचा अख्खा कागद ओढून काढला, पिना दाबून बसवल्या. कागद चुरगळून कचऱ्याच्या डब्यात.

बाबांनी चष्मा लावला आणि अहवाल उघडला तो मागून. बराच वेळ बोट फिरवत राहिले.

“धाकटीचा फोटो नाहीये त्यात,” ती फणकारली.

“तो तिने पाठवलाय फोनवर. शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात तुझं नाव असतं ना? मी दर वर्षी आधी तेच वाचतो. यंदा गाळलं की काय गं मेल्यांनी?”

थोरलीची नजर डब्याकडे गेली. पिनांच्या पुस्तिकेत पहिलं आणि शेवटचं पान एकाच कागदाचं असतं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं!