सरदार आणि ठमी

चित्रात चष्मेवाल्याच्या बायकोची मान सरदाराच्या खांद्यावर होती.

म्हणजे बायकोची नव्हे, तिच्या खेळातल्या तिरंदाज बाईची. कॉम्प्युटरवरच्या त्या लढाईच्या खेळात ती रोज संध्याकाळी धनुष्य घेऊन उतरायची आणि सरदार नावाचा कुणी दाढीवाला ढाल घेऊन तिच्यापुढे उभा राहायचा. जोडी एवढी गाजली होती की अनोळखी चाहते त्यांची चित्रं काढत, त्यांच्यावर कविता करत, परस्पर लग्नही लावून देत. हे चित्र अशाच कुणा रिकामटेकड्याचं. बायकोने ते मोबाइलवर लावून ठेवलं होतं.

"कोण आहे हा?" चष्मेवाल्याने विचारलं.

"सरदार."

"खरा कोण?"

"सांगितलं तर हसशील. जाऊ दे." आणि ती स्वतःच खुदकन हसली. भिंतीपलीकडे आईही हसत होती. तिची मालिका चालू असणार.

चष्म्याचं दुकान चालवणारा हा माणूस एरवी थंड डोक्याचा. पण बायकोच्या त्या हसण्याने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

खरं दुखणं जुनं होतं. खेळात बायकांना मिळणारं चिलखत म्हणजे चार बोटं पत्रा आणि एक पट्टा. बायको कंपनीला लिहून लिहून थकली. तेव्हा या सरदाराने काय करावं? तेच चिलखत स्वतःच्या केसाळ अंगावर चढवलं आणि 'थंडी वाजते' एवढंच लिहून खेळातल्या भर चौकात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी शेकडो दाढीवाले त्याच वेषात त्याच्या शेजारी कुडकुडत होते. शेवटी कंपनीने बायकांना अंगभर चिलखत दिलं. बायको डोळे पुसत हे सांगत होती, तेव्हा चष्मेवाला म्हणाला होता, "रिकामे उद्योग."

आता ते शब्द मागे घेता येत नव्हते. बायकोसाठी आपण कधी कुठल्या चौकात उभे राहिलो, हे त्याला आठवेना.

मग त्याने डाव मांडला. दुकान बंद केल्यावर मागच्या खोलीत बसून तो स्वतःच खेळात उतरला, तोही बाईच्या रूपाने. हा सरदार इतर बायकांशी कसा वागतो ते बघू, आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं बायकोपुढे टाकू. नाव सुचेना, म्हणून लहानपणी घरात असलेल्या मांजरीचं टाकलं. ठमी.

ठमी उतरते न उतरते तोच तिघे मागे लागले. एकाने वय विचारलं, एकाने फोटो मागितला, तिसऱ्याने 'स्वयंपाकघर तिकडे आहे' असं सुनावलं. चष्मेवाल्याचे कान तापले. बायकोला हे रोज ऐकावं लागत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एवढ्यात ढाल आडवी आली.

'तिघेही रांगेत उभे राहा आणि माफी मागा,' सरदाराने लिहिलं. तिघांनी मुकाट्याने मागितली. मग सरदार तिच्याकडे वळला आणि क्षणभर नुसता उभा राहिला.

'ये ठमाबाई. पाणी प्यायलीस का?'

"गोडबोल्या लेकाचा," चष्मेवाला दातओठ खात पुटपुटला.

मग रोज संध्याकाळी दुकानात माल लावायचाय, असं निमित्त तो घरी सांगू लागला. पुरावा मात्र मिळेना. सरदाराने ठमीला ढाल धरायला शिकवलं, चुकली तेव्हा रागावला, जमलं तेव्हा शाबासकी दिली. एकदा लिहिलं, 'या खेळात म्हातारी बाई एकच, आणि तीही चेटकीण. हे बरं नव्हे.' बायकांची मनं अशी जिंकतो काय! चष्मेवाला जळला. त्याहून वाईट म्हणजे तो रोज संध्याकाळची वाट बघू लागला होता. सरदार लबाड असता तर निभावलं असतं. चांगला असला तर बायको आपल्याकडे कशाला बघेल, या विचाराने त्याची झोप उडाली.

एका सकाळी तो दुकानाच्या किल्ल्या शोधत घरभर फिरला. त्या त्याच्याच खिशात निघाल्या.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई म्हणाली. हॉस्पिटलात मेट्रन होती. निवृत्त झाली तरी जीभ वॉर्डातलीच. तिने चष्मा पुढे केला. "दांडी निखळलीय बघ. विणायला बसले की लागतो."

तो चष्मा त्यानेच बनवला होता, ती हात लांब करून दाखवेल तेवढ्या अंतरावरचं नेमकं दिसणारा. तिचं विणकाम पुरं झालेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. "आज करतो," म्हणत त्याने तो खिशात टाकला.

त्या संध्याकाळी सरदाराची पार दैना झाली. शत्रू नाकासमोरून गेले तरी याची तलवार भलतीकडेच. तिरंदाज बाईनेच त्याला कसंबसं वाचवलं. चष्मेवाल्याला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

लढाई संपल्यावर ती निघून गेली. सरदार आणि ठमी दोघेच उरले. आता नाही तर कधीच नाही.

'तुझं तिच्यावर प्रेम आहे?' त्याने विचारलं.

'आहे.'

इतकं सरळ! दुरुस्त केलेला आईचा चष्मा कळफलकाजवळ होता, तो त्याने बाजूला सारला.

'तिला नवरा आहे.'

'ठाऊक आहे. मनाचा चांगला आहे. पण समोरचं दिसत नाही त्याला.'

चष्मेवाल्याचा राग कुठल्या कुठे गेला. उरली नुसती भीती.

'तिला सोड,' त्याने लिहिलं. 'त्याला तिच्यावाचून कुणी नाही.'

पडद्यावर अक्षरं एकेक करत आली, चाचपडत टाइप केल्यासारखी.

'ठमाबाई, दुकानाला कुलूप लाव आणि घरी ये, ती जेवायची थांबलीय. आणि येताना माझा चष्मा आण. त्याच्यावाचून आज एक शत्रू धड दिसला नाही.'