क्लबची व्हायोलिनवाली

बाबा सेवा क्लबचे सेक्रेटरी. त्यामुळे क्लबच्या प्रत्येक बैठकीत चहाआधी लेकीला व्हायोलिन वाजवावंच लागे. तिचा सगळा जीव फुटबॉलमध्ये. निदान उन्हाळ्याची सुट्टी तरी मैदानावर जावी, म्हणून या खेपेला तिने मुद्दाम असं काही वाजवलं, की खजिनदारकाकांनी कानाचं मशीन काढून खिशात ठेवलं.

सुटले एकदाची, असं तिला वाटतंय तोच अध्यक्षबाई डोळे टिपत उठल्या. "पोरीची तळमळ बघा! कमी आहे ती फक्त चांगल्या शिकवणीची. यंदा आपल्या क्लबतर्फे संगीत शिबिराला हीच जाणार. अख्खी सुट्टी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांना तर हुंदकाच फुटला. आता नाही म्हणायची सोयच उरली नाही.

शिबिरात पहिल्याच दिवशी तिने पुन्हा तसंच वाजवलं. निदान इथून तरी घरी पाठवतील! मास्तरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, उठून दार लोटलं आणि हळूच विचारलं, "मुद्दाम ना?"

तिने मान खाली घातली.



"मलाही लहानपणी तुमच्याच क्लबने पाठवलं होतं गं. पोहायला शिकायचं अजून राहिलंय."