अंगठ्याखालची नाडी

१९४१च्या उन्हाळी सुट्टीवर निघताना मेट्रनबाईंनी बजावलं होतं, “नाडी अंगठ्यानं पाहू नकोस, आपलेच ठोके लागतात.” शिकाऊ नर्स सुंदरानं ते हसण्यावारी नेलं. शिकलेलं विसरू नये म्हणून गावी मुरबाडला ती रोज शेजारच्या धोंडूमावशीचं मनगट अंगठ्याखाली धरून घड्याळाकडे बघे. “जिती हाय ना गो मी?” करवंदं निवडत मावशी विचारी. “बहात्तर! माझ्यासारखीच ठणठणीत.” “पन इहिरीवरून येताना दम लागतो.” “वय झालं, मावशी.” निघायच्या दिवशी अंगठ्याला करवंदाचा चीक लागला होता, म्हणून तीन बोटं टेकवली. ठोके अडखळत, हरवत होते. महिनाभर ती स्वतःचीच नाडी मोजत होती. मावशी त्याच पावसाळ्यात गेली. पुढे स्वतःच्या तापलेल्या लेकीचं मनगट धरतानाही सुंदराचा अंगठा आपसूक दूर राही. तुमच्या शेजारी कुणी ‘दम लागतो’ म्हणत असेल, तर आजच डोकावून या.