ठाणं की खारघर

"तुझ्यासारखं मीही साताऱ्याचं घर विकून तिकडे यावं म्हणतो. ठाण्यात राहावं की खारघरला? तुझी मुलं दोन्हीकडे आहेत, तूच सांग." जुन्या मित्राच्या, दिगंबरच्या या पत्राला अप्पांनी उत्तर दिलं नव्हतं. आपल्याला काय कळतं, असं त्यांना वाटे.

शेवटी दिगंबरसाठी म्हणून त्यांनी मुलाला, निरूला विचारलं. ते त्याच्याकडेच ठाण्यात राहत. "खारघर, अप्पा," तो चटकन म्हणाला. "ताईकडे डोंगर आहे, फिरायला रुंद रस्ते आहेत. इथे नुसती गर्दी."

खारघरला मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "इथे वाचनालय लांब पडतं. निरूकडे तलाव, नाट्यगृह, सगळं हाताशी. तुम्ही तिथेच रमाल."

अप्पांच्या मनात पाल चुकचुकली. कर्ज काढून फ्लॅट घेतलेला माणूस स्वतःच्याच वस्तीला नावं ठेवताना त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"एवढं छान आहे, तर तूच का जात नाहीस खारघरला?" त्यांनी मुलाला भीत भीत विचारलं.

मोबाइलमध्ये बघत तो म्हणाला, "शनिवारी सोडतो तुम्हाला. बॅग भरून ठेवा."

त्याच दुपारी अप्पांनी कार्ड पेटीत टाकलं. "दिगंबर, दोन्ही ठिकाणं राहायला उत्तम आहेत. तू घर विकू नकोस."